अठरा वर्षे, वीस दिवस

आमच्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात मेसच्या आमटीवरून भांडण, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलची शोधाशोध, आणि पहिल्या जोरदार पावसात लाइट गेली की एफईच्या पोरांना शनिवारवाड्याची गोष्ट. ही तिसरी जबाबदारी दोन वर्षं माझ्याकडे होती. मी ती मन लावून पार पाडली, असं म्हणायला हरकत नाही. मेणबत्ती एकच लावायची, ती पण दाराकडे. आवाज हळूहळू खाली न्यायचा. पौर्णिमेच्या रात्री (काही जण म्हणतात अमावास्येच्या) वाड्याच्या आत एक पोरगा धावतो आणि काकांना हाका मारतो. ते तीन शब्द इथे लिहायची गरज नाही, महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ आहेत. ते शब्द आले की ठरलेल्या मित्राने बाहेरून खिडकीवर थाप मारायची. पोरं किंचाळायची, आपण हसायचं, आणि मग चहाला टपरीवर जायचं.

आता मी बीईला आहे आणि ती गोष्ट सांगणं बंद केलं आहे. का बंद केलं ते शेवटी सांगतो. मधल्या काळात मी एक न शोभणारं काम केलं, लायब्ररीत जाऊन मराठीचं कपाट उघडून घेतलं. तिथे रियासतकार सरदेसायांचे खंड आहेत, आणि त्यांच्यावरची धूळ बघता माझ्याआधी त्यांना कोणी हात लावला असेल असं वाटत नाही. ज्या पोराला आपण दरवर्षी भूत म्हणून नाचवतो तो कोण होता, एवढंच मला बघायचं होतं.

तर नारायणराव. जन्म १० ऑगस्ट १७५५. बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा आणि गोपिकाबाईंचा मुलगा. थोरले विश्वासराव, मधले माधवराव आणि धाकटा हा. पेशव्यांच्या घरात जन्मला म्हणजे नशीबवान, असं कोणालाही वाटेल. पण तारखा बघा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ गेले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत, २३ जून १७६१ ला पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला. म्हणजे सहावं वर्ष पुरं व्हायच्या आत या मुलाने थोरला भाऊ, चुलता आणि बाप तिघेही गमावले. पुढे आई गोपिकाबाईंचं माधवरावांशी पटेना, त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. उरले भाऊ माधवराव आणि काका रघुनाथराव.

माधवराव गादीवर आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्यांच्याबद्दल मी काय सांगणार, सगळ्यांनी वाचलेलं आहे. पानिपतानंतर मोडलेलं घर त्यांनी अकरा वर्षांत उभं केलं. पण धाकट्या भावाच्या बाजूने बघितलं तर वेगळं चित्र दिसतं. घरात एक भाऊ कमालीचा हुशार आणि कडक शिस्तीचा असला की धाकट्याचं काय होतं, हे ज्यांचे थोरले भाऊ रँकहोल्डर आहेत त्यांना विचारा. नारायणराव तापट होते, उतावळे होते, थोडे पोरकट होते असं सगळेच लिहितात. माधवरावांना त्यांची काळजी वाटायची. त्यांनी धाकट्याला मोहिमांवर सोबत नेलं, कारभार शिकवायचा प्रयत्न केला. १७७० च्या कर्नाटकच्या स्वारीत निजगलच्या वेढ्यात या मुलाच्या हाताला गोळी लागली. तेव्हा तो पंधराच्या आत होता. आपण त्या वयात दहावीच्या क्लासला सायकलवर जात होतो. तेव्हा नुसता लाडावलेला पोरगा होता असं म्हणून मोकळं होता येत नाही.

आता काका. रघुनाथराव म्हणजे राघोबादादा. हाही साधा माणूस नव्हता. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या याच्या नेतृत्वाखाली. भाऊ गेल्यावर पेशवाई आपल्याकडे यायला हवी होती असं त्याला वाटायचं, आणि ती आली पुतण्याकडे. माधवरावांच्या काळात त्याने अनेकदा उचल खाल्ली. शेवटी १० जून १७६८ ला धोडपला माधवरावांनी त्याचा पराभव करून त्याला पकडलं आणि शनिवारवाड्यात आणून नजरकैदेत ठेवलं. म्हणजे ज्या घरात नारायणराव लहानाचा मोठा होत होता, त्याच घरात काका कैदी होता. रोज येता-जाता दिसणारा, नमस्कार करायचा तो कैदी.

१८ नोव्हेंबर १७७२ ला क्षयाने माधवराव थेऊरला गेले. रमाबाई सती गेल्या. मरण्यापूर्वी त्यांनी काका-पुतण्यात समेट घडवला, धाकट्या भावाला काकांच्या स्वाधीन केलं असं सांगतात. डिसेंबरमध्ये साताऱ्याला छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि सतरा वर्षांचा नारायणराव पेशवा झाला.

पुढचे नऊ महिने म्हणजे एकामागून एक चुका आहेत, हे मान्यच केलं पाहिजे. नारायणराव काही संत नव्हता. मुरलेल्या कारभाऱ्यांशी त्याचं जमेना. सखारामबापू बोकिलांसारखा माणूस, ज्याने त्याच्या बापाच्या काळापासून राजकारण पचवलेलं, त्याला हा पोरगा उलटून बोलायचा. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या धर्मकर्माच्या अधिकाराचा वाद होता, त्यात त्याने त्यांच्याविरुद्ध कडक भूमिका घेतली आणि एक कर्तबगार समाज दुखावला. नागपूरकर भोसल्यांच्या भावाभावांच्या भांडणात एकाची बाजू घेतली, दुसरा आपोआप काकांकडे गेला. काकांशी सुरुवातीला बरं होतं, ते महिन्यांत बिघडलं आणि एप्रिल १७७३ मध्ये काका परत नजरकैदेत गेले. ऑगस्टमध्ये त्यांनी निसटायचा प्रयत्न केला तेव्हा पहारा आणखी आवळला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे गारदी. लहानपणी मला वाटायचं की गारदी म्हणजे दरोडेखोर किंवा मारेकरी. तसं नाही. गारदी म्हणजे कवायती पायदळ, युरोपियन पद्धतीने बंदूक चालवायला शिकवलेले पगारी शिपाई. पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढून मेला, ते हेच दल. शनिवारवाड्याच्या बंदोबस्ताला हेच लोक असत. म्हणजे बाहेरून कोणी तट चढून आलं नाही. ज्यांना राखायला ठेवलं होतं त्यांनीच मारलं. त्यांचा पगार थकला होता, ही एक तक्रार खरी होती. त्या तक्रारीला पैशाचं आमिष आणि काकांच्या पक्षाचं पाठबळ मिळालं. पुढारी सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसुफ. वाड्यातला माणूस तुळाजी पवार, रघुनाथरावांचा नोकर.

तारीख ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. गणपतीचे दिवस होते. त्या दिवशी सकाळीच नारायणरावाला धोका असल्याची कुणकुण लागली होती. रघूजी आंग्र्यांनी त्याला सावध केल्याचं सांगतात. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंतांना कोणाकडे तरी जेवायला जायचं होतं, त्यांनी ते काम जेवणानंतरवर टाकलं. हे वाचताना मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. पुढे हेच हरिपंत मोठे सेनापती झाले, दौलतीसाठी आयुष्यभर लढले. वाईट माणूस नव्हे. फक्त त्या दिवशी त्यांना वाटलं, एवढी काय घाई आहे.

दुपारी एकच्या सुमारास गारदी पगाराचा आरडाओरडा करत आत घुसले. अडवायला आले त्यांना कापलं. चौकातली एक गायही त्यात मेली. आवाज ऐकून नारायणराव उठून पळाला. आधी काकू पार्वतीबाईंकडे, म्हणजे पानिपतात हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या बायकोकडे. तिथून काकांच्या दालनाकडे. काका पूजेला बसले होते. त्याने काकांना मिठी मारली आणि वाचवायची विनवणी केली. तुळाजी पवाराने त्याला ओढून सोडवलं आणि सुमेरसिंगाने तलवार चालवली. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक मालकाच्या अंगावर आडवा पडला, त्यालाही तोडलं. अर्ध्या तासात अकरा माणसं मेली. त्यात दोन कुळंबिणी होत्या, साध्या घरकाम करणाऱ्या बायका. नारायणरावाचं भूत सगळ्यांना माहीत आहे. त्या दोन बायकांची नावं मला कुठे सापडली नाहीत, आणि त्यांचं भूतही कोणाला दिसत नाही.

वय मोजलं तर अठरा वर्षे आणि वीस दिवस. ॲडमिशनच्या फॉर्मवर आपल्यातल्या बहुतेकांचं वय साधारण एवढंच होतं.

रात्री घाईघाईने नदीकाठी प्रेत जाळलं. वाड्याचा एक दरवाजा, ज्याला आधी जांभूळ दरवाजा म्हणत, तो तेव्हापासून नारायण दरवाजा झाला, कारण प्रेत त्यातून बाहेर नेलं असं सांगतात. पुण्याला गेलात तर दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढून परत येऊ नका, हा दरवाजाही बघून या.

पुढची हकीकत माहितीची आहे, भराभर सांगतो. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, सुमारे पन्नास माणसं दोषी धरली आणि त्यांत रघुनाथरावांचंही नाव घेतलं. तेव्हा रघुनाथराव पेशवा होते. गादीवर बसलेल्या माणसाला खुनी ठरवून शास्त्री पुणं सोडून निघून गेले. खाडिलकरांनी याच प्रकरणावर १९०९ मध्ये भाऊबंदकी नाटक लिहिलं, आणि प्रभातने १९४४ मध्ये रामशास्त्री सिनेमा काढला. कारभाऱ्यांनी बारभाईंचा कट केला. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेलं, तिथे १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांचा असताना पेशवा झाला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, ६ मार्च १७७५ ला सुरतेचा तह केला, आणि इंग्रज पहिल्यांदा मराठ्यांच्या घरात शिरले ते या वाटेने. १७८२ ला सालबाईच्या तहाने युद्ध संपलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोपरगावला रघुनाथराव वारले.

आता आनंदीबाई. ध चा मा करणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. धरावे असं लिहिलेलं होतं आणि तिने मारावे केलं, अशी ती कथा. पण तो मूळ कागद पुराव्यात नाही. इतिहासकारांना तो मिळालेला नाही. काकांनी धरायला संमती दिली होती की मारायला, यावर वाद आहे. पण अडीचशे वर्षं एका अक्षराचा दोष एका बाईच्या नावावर टाकून बाकीचे पन्नास जण सुटले, हे मात्र मला खटकलं. आमच्यात नेटवर्क बंद पडलं की जो शेवटचा लॅबमधून बाहेर आला त्याच्यावर जातं, तसंच काहीसं.

हे झालं आयुष्य. आता भुताकडे वळू, कारण वाचक त्यासाठीच थांबले असणार.

एक इंजिनिअर म्हणून (म्हणजे अजून दोन विषय राहिलेत, पण असो) मी गोष्ट तपासायला घेतली. पहिलं, वेळ. खून दुपारी झाला, उन्हात. आपली गोष्ट मध्यरात्रीची. दुसरं, तिथी. ती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. पौर्णिमा पण नाही आणि अमावास्या तर नाहीच नाही. भुताला पंचांग कळत नसेल तर गोष्ट वेगळी. तिसरं, जागा. शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. खाली दगडी जोतं, वर विटा आणि लाकूड. ज्या दालनांतून तो पोरगा धावला ती सगळी लाकडी होती. २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस जळत होती. आज उभा आहे तो तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि आतली जोती. मधे हिरवळ. म्हणजे ज्या जिन्यावरून भूत धावतं तो जिना नाही, ज्या खोलीत शिरतं ती खोली नाही, आणि ज्या काकांना मिठी मारायची ते काका कोपरगावला गेले.

आणि आवाज? संध्याकाळनंतर वाडा बंद असतो. आत कोणी जात नाही, त्यामुळे ज्याने ऐकलं तो बाहेर उभा होता. उंच दगडी तट, मधे मोकळं मैदान, बाजूला नदी, रात्रभर चालू असलेला रस्ता, कुत्री आणि वटवाघळं. अशा जागी आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कुठून आला ते कळत नाही. ज्याला तीन शब्द आधीच पाठ आहेत त्याला तेच ऐकू येणार. सेकंड इयरला आम्हीही चार एफईवाल्यांना घेऊन रात्री दिल्ली दरवाज्यापुढे उभे होतो. हत्तीने धडक मारू नये म्हणून त्या दरवाज्याला लोखंडी खिळे आहेत, ते मोबाईलच्या उजेडात फार भयानक दिसतात. आमच्यातला एक जण बुरुजाच्या कडेला लपला होता. त्याने योग्य वेळी हाक मारली. पोरांनी जी धूम ठोकली ती थेट बसस्टॉपपर्यंत.

तर भूत नाही, असं सिद्ध करून मी मोकळा झालो असतो. पण वाचताना एक गोष्ट सापडली. दुसरा बाजीराव, म्हणजे रघुनाथरावांचाच मुलगा, त्याला नारायणरावाचं भूत आयुष्यभर छळत होतं असं सांगतात. त्याने शांती केल्या, ब्राह्मणांना दानं दिली, पुण्याभोवती हजारो आंब्याची झाडं लावली, ती याच भीतीने, अशी कथा आहे. खरी-खोटी ठरवायला माझ्याकडे साधन नाही. पण तारीख बघा. या बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ चा, खुनाच्या सव्वा वर्षानंतरचा. म्हणजे त्याने काही केलेलं नव्हतं. तो तिथे नव्हता. तरी आपल्या बापाच्या मिठीतून एका पोराला ओढून नेलं आणि बाप बसून राहिला, एवढं त्याला पुरलं असणार. आणि त्याच वाड्यात, २५ ऑक्टोबर १७९५ ला नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव वरून कारंज्याच्या बाजूला खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. वय एकवीस, म्हणजे आपलं फायनल इयर. त्याच्या जागी गादीवर आला तो हा बाजीराव. अशा गादीवर बसल्यावर रात्री झोप लागत नसेल, तर त्याला भुताची गरज काय?

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गोष्टीत भुताची भीती हा मुख्य मुद्दाच नाही. शेकडो माणसांचा राबता असलेल्या घरात, भर दुपारी, एका अठरा वर्षांच्या मुलाने हाक मारली. ती खूप लोकांनी ऐकली असणार. चाफाजी टिळेकर सोडला तर मधे पडल्याचं एकही नाव आपल्याला पाठ नाही. पुण्याने ती हाक अडीचशे वर्षं जपून ठेवली, ती त्याची नसून ज्यांनी ऐकून घेतली त्यांची आहे, असं मला वाटतं.

आता शेवटचं, जे सांगायचं कबूल केलं होतं.

वाड्यापुढून पळालेल्या त्या चौघांत एक लातूरकडचा मुलगा होता. अंगाने बारीक, मेसमध्ये कोपऱ्यात बसणारा, घरी फोन केला की कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन हळू बोलणारा. त्या रात्रीनंतर तो घाबरट म्हणून आमच्या विंगमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची आम्ही भरपूर खेचली. तीनेक आठवड्यांनी रात्री दोनच्या पुढे आमच्या विंगमध्ये दारं वाजायला लागली. आधी टोकाचं, मग शेजारचं, मग माझं. मी जागा होतो, ड्रॉइंगची शीट पूर्ण करत होतो. त्याने दोनदा दादा म्हणून हाक मारली. मला आवाज ओळखू आला. मला वाटलं, एकतर पुन्हा घाबरलाय किंवा आमच्यावर डाव उलटवतोय. माझ्या रूम पार्टनरने पांघरुणातून हसून दाखवलं. मी पेन्सिल खाली ठेवली, पण उठलो नाही. दोन मिनिटांनी आवाज थांबला आणि मी पुढची रेघ ओढली.

पहाटे वॉचमनमामांना तो जिन्यात पोट धरून बसलेला सापडला. मामांनीच रिक्षा आणली. अपेंडिक्स फुटलेलं होतं. ऑपरेशन झालं, जिवावरचं टळलं, पण पोरगा दीड महिना घरी होता आणि त्याचं ते सेमिस्टर गेलं. त्याचे वडील सामान न्यायला आले तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना हात जोडले, की तुम्ही पोराला सांभाळलंत. आम्ही कोणी काही बोललो नाही. मला अजून त्या हात जोडण्याची आठवण आली की बसल्या जागी अस्वस्थ होतं. भूत म्हणतात ते हेच असेल तर ते आहे, आणि त्याला अमावास्या लागत नाही.

तो परत आला तेव्हा मी त्याच्याकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला की दाराखालून उजेड दिसत होता म्हणूनच त्याने माझं दार दुसऱ्यांदा वाजवलं. एवढंच म्हणाला. मग मेसला चला म्हणाला. आता तो टीईला आहे आणि हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचायला दिला होता. त्याने तारखा तपासल्या, एक चूक काढली, आणि तो भाग काढू नकोस म्हणून सांगितलं.

या वर्षी पहिल्या पावसात लाइट गेली तेव्हा एफईची पोरं रिवाजाप्रमाणे माझ्या खोलीत जमली. मी मेणबत्ती टेबलावर मधोमध ठेवली आणि हीच हकीकत सांगितली. खिडकीवर थाप नाही, काही नाही. थोडी निराशा झाली त्यांची, हे खरं आहे. एक जण म्हणाला की यात भीतीदायक काय आहे. त्याला म्हटलं, अजून थोडा मोठा हो.

जाता जाता सगळ्यांना खोलीचा नंबर पुन्हा सांगितला. तुम्हालाही तेच सांगतो, हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला, आणि रेक्टर सरांनाही. रात्री दार वाजलं तर उघडा. मस्करी निघाली तर दोन शिव्या घाला, पाणी ओता, काय करायचं ते करा. पण आधी उघडा.